खेळण्यातल्या विमानांचा इतिहास

इतिहासाच्या बाई हा लेख वाचतील तेव्हा लेखिकेचं नाव त्या पुन्हा एकदा तपासून बघतील. दहावीला ‘कारणे द्या’ सोडून इतिहासाचे जेवढे प्रश्न ऑप्शनला टाकता येतील तेवढे मी टाकत असे. पण ‘कारणे द्या’ मला तेव्हाही आवडायचा, आणि आज जो इतिहास लिहायला बसले आहे तो सगळा त्याच एका प्रश्नाचा आहे. ज्यांच्याकडे खरी, मोठी विमानं उडवायची सोय होती, त्या लोकांनी लहान, रिकामी, दुरून चालवायची विमानं का बनवली? कारणे द्या. गुण पाच.

आता ‘मानवरहित विमान’ म्हटलं की लग्नात डोक्यावर घोंघावणारा ड्रोन आठवतो, नाहीतर शेतात फवारणी करणारा. मी लिहिते आहे ती विमानं वेगळी. ती फोटो काढत नाहीत, सामान पोचवत नाहीत. हवेला एक प्रश्न विचारायचा, उत्तर मोजून घ्यायचं आणि जमल्यास धड खाली यायचं, एवढंच त्यांचं काम.

सुरुवात आपल्याकडून करावी असं काहींना वाटेल. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर बिनमाणसाचं विमान उडवलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकली आहे. मलाही ती खरी असती तर फार आनंद झाला असता. पण त्या उड्डाणाची त्या काळातली ठोस नोंद नाही, फोटो नाही, मोजमाप नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, त्यातली यानं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासली आणि ती उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. तळपद्यांची जिद्द मी नाकारत नाही. पण हा लेख मोजमापाबद्दल आहे, म्हणून त्यांना नमस्कार करून पुढे जाते.

पुढच्याच वर्षी, ६ मे १८९६ रोजी, अमेरिकेत पोटोमॅक नदीवर सॅम्युअल लँग्ली या शास्त्रज्ञाचं वाफेच्या इंजिनाचं, बिनमाणसाचं छोटं विमान एका तरंगत्या घरावरून सुटलं आणि सुमारे एक किलोमीटर उडून अलगद पाण्यात उतरलं. त्याचा फोटो आहे. तो काढणारा माणूस म्हणजे टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल! लँग्ली स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख होते. छोटं उडालं म्हटल्यावर युद्धखात्याने त्यांना माणूस बसेल असं मोठं विमान बनवायला ५० हजार डॉलर दिले. लँग्लींनी मूळ आराखडा मोठा केला. ऑक्टोबर १९०३ आणि पुन्हा ८ डिसेंबर १९०३ ला ते मोठं विमान सुटलं आणि दोन्ही वेळा सरळ नदीत कोसळलं. आत बसलेला चार्ल्स मॅन्ली दोन्ही वेळा भिजून, पण जिवंत बाहेर आला. नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. लँग्लींचं विमान सोडणाऱ्या यंत्रात अडकलं की त्याचा सांगाडाच लेचापेचा होता, यावर पुष्कळ वाद झाले. मला विचाराल तर दोन्ही. पण सांगाड्याचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे, कारण छोट्या विमानांचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे.

सोप्या शब्दांत सांगते. एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की तिचा पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. पंखांचं क्षेत्रफळ चौपट, पण उचलायचं वजन आठपट. म्हणून मुंगी तिसऱ्या मजल्यावरून पडली तरी चालू लागते आणि हत्तीला खड्डाही महागात पडतो. छोट्या विमानात जो सांगाडा दणकट असतो, तोच दुप्पट-चौपट करून काढला की आपल्याच वजनाने वाकतो. म्हणजे छोटं विमान हे मोठ्या विमानाचं नुसतं लहान चित्र नव्हे. त्याने खरं उत्तर द्यायला हवं असेल तर वजन, वजनाची वाटणी, वेग, सगळं हिशोबाने ठरवावं लागतं.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गंमत वेळेची आहे. हिशोबाने लहान केलेल्या विमानात काळ जणू भरभर चालतो. मोठं विमान जी गिरकी पाच सेकंदांत घेईल, ती तीन-अष्टमांश आकाराचं मॉडेल साधारण तीन सेकंदांत घेतं. जमिनीवर बसून ते चालवणाऱ्या माणसाला तेवढीच घाई. आणखी एक भानगड हवेच्या चिकटपणाची. आपल्याला हवा पातळ वाटते, पण चिलटासाठी ती जवळजवळ मधासारखी असते. जितकं विमान लहान आणि हळू, तितका हा चिकटपणा जास्त लुडबूड करतो. म्हणून फार लहान मॉडेलवर काढलेली काही उत्तरं मोठ्या विमानाला लागू पडत नाहीत. कुठली लागू पडतात आणि कुठली नाहीत हे ओळखणं, हीच या धंद्यातली खरी अक्कल.

मग विंड टनेल असताना उडवायचंच कशाला? विंड टनेलमध्ये मॉडेल दांडीला घट्ट बसवलेलं असतं आणि हवा त्याच्यावरून जाते. त्यावर किती बल लागतं ते कळतं. पण दांडी काढली तर ते काय करेल, डोकं खाली घालेल की गिरक्या घेईल, हे तिथे नीट कळत नाही. वर्गात समोर उभं राहून कविता म्हणणारा मुलगा आणि मैदानावर सोडलेला तोच मुलगा यांत जेवढा फरक, तेवढा.

आता या इतिहासातल्या माझ्या लाडक्या माणसाकडे येते. आर. डेल रीड. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात एडवर्ड्स इथे एक प्रचंड सुकलेलं सरोवर आहे. जमीन घट्ट आणि मैलोन्‌मैल सपाट, म्हणजे देवाने बांधलेली धावपट्टी. तिथल्या नासाच्या फ्लाइट रिसर्च सेंटरमध्ये रीड इंजिनिअर होते. ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने जाणारं एक्स-१५ हे रॉकेट-विमान याच केंद्रात उडत होतं. आणि रीड यांचा छंद काय? हाताने बनवलेली मॉडेल विमानं उडवणं.

१९६० च्या सुमारास प्रश्न असा होता की अवकाशातून परत येणारं यान कसं असावं. परत येताना वातावरणात प्रचंड उष्णता तयार होते आणि त्या उष्णतेला बोथट आकार चांगला तोंड देतो. बोथट कुपीला मात्र सुकाणू नाही. ती पॅराशूटने पडेल तिथे पडणार, मग आरमाराने समुद्रात जाऊन शोधायची. नासाच्याच एम्स केंद्रातल्या आल्फ्रेड एगर्स आणि सहकाऱ्यांनी एक वेगळा आकार सुचवला होता. शंकू उभा चिरून अर्धा करायचा, सपाट बाजू वर ठेवायची. पंख नाहीतच. यानाचं अंगच थोडीफार लिफ्ट देईल आणि पायलट ते विमानासारखं जमिनीवर उतरवू शकेल. कागदावर छान होतं. पण पंख नसलेल्या या बोजड टबमध्ये बसून उतरायला कोण तयार होणार?

रीड यांनी आधी कागदाचा अर्धा शंकू केला आणि तो ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये उडवून बघितला. (मागच्या बाकांवरच्या मंडळींनी नोंद घ्यावी. कागदी बाण उडवणं म्हणजे अवकाश संशोधन असू शकतं, हे तुम्ही तेव्हा वर्गात सांगायला हवं होतं.) तो बऱ्यापैकी तरंगला. मग त्यांनी २४ इंचांचं चांगलं मॉडेल बनवलं आणि ६० इंच पंखांच्या रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानाला दोरीने बांधून ते वर नेलं. वर गेल्यावर दोरी सुटायची आणि अर्धा शंकू गोल वळत खाली यायचा. हे सगळं त्यांच्या पत्नी डॉना यांनी घरच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यावर टिपलं.

इथे मी जरा थांबते. लिफ्टिंग बॉडीच्या इतिहासात डॉना रीड यांच्या वाट्याला जेमतेम एखादं वाक्य येतं. पण १९६२ साली रीड वरिष्ठांसमोर गेले तेव्हा त्यांच्या हातात ना मंजूर प्रकल्प होता, ना निधी. होती ती डॉनांनी काढलेली फिल्म. आकडे आणि आलेख बघून मान हलवणारे लोक फिल्म बघून खुर्चीत पुढे सरकतात, हे आमच्या धंद्यात डेमो देणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हलत्या मॉडेलकडे कॅमेरा स्थिर धरून, दोरी सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत ते चौकटीत ठेवणं सोपं नसतं. ती फिल्म म्हणजे त्या प्रयोगाची नोंदवही होती.

केंद्राचे संचालक पॉल बिकल यांना फिल्म दाखवली गेली. बिकल स्वतः ग्लायडर उडवणारे. १९६१ मध्ये त्यांनी बिनइंजिनाच्या ग्लायडरमधून ४६ हजार फुटांवर जाऊन जागतिक विक्रम केला होता. असा साहेब मिळायला नशीब लागतं. त्यांनी वॉशिंग्टनला फार न विचारता आपल्या अखत्यारीतल्या पैशांतून परवानगी दिली. आतला सांगाडा लोखंडी नळ्यांचा, केंद्रातल्याच कारागिरांनी वेल्डिंग केलेला. वरचं कवच प्लायवुडचं, ते गस ब्रिगलेब या ग्लायडर बनवणाऱ्याकडून करून घेतलं. सगळा खर्च ३० हजार डॉलरच्या आसपास. नाव एम-२ एफ-१. दिसायला अंघोळीचा टब.

टब वर न्यायच्या आधी जमिनीवरून ओढून बघायचा होता, आणि त्यासाठी ताशी १८० किलोमीटरच्या आसपास धावणारी गाडी हवी होती. सरकारी ताफ्यात तसली गाडी कुठली? म्हणून नासाने १९६३ ची पॉन्टिॲक कॅटलिना ही उघड्या टपाची गाडी विकत घेतली आणि शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन तिचं इंजिन वाढवून घेतलं. ५ एप्रिल १९६३ ला मिल्ट थॉम्पसन या पायलटने टबचं नाक उचललं, तर तो डावी-उजवीकडे उसळायला लागला. लगेच खाली. नियंत्रणाची जोडणी बदलली, पुन्हा ओढला. असं करत करत गाडीमागून चारशेच्या वर फेऱ्या झाल्या. १६ ऑगस्ट १९६३ ला एका जुन्या मालवाहू विमानाने तो १२ हजार फुटांवर ओढून नेला आणि दोनेक मिनिटांत थॉम्पसन त्याला सरोवराच्या तळावर नीट उतरवून मोकळा झाला.

त्यातून पुढची धातूची, रॉकेट लावलेली यानं निघाली. त्यांच्यातल्या एम-२ एफ-२ मध्ये १० मे १९६७ ला ब्रूस पीटरसन हा पायलट होता. उतरताना यान डावी-उजवीकडे हेलकावे घ्यायला लागलं. ते त्याने सावरलं, पण तोवर उंची संपली होती आणि चाकं पूर्ण बाहेर येण्याआधीच ते जमिनीवर आपटून कोलांट्या खात गेलं. पीटरसन वाचला, पण चेहऱ्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि पुढे एका डोळ्याची दृष्टी गेली. त्या अपघाताचं चित्रीकरण अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं दाखवलं गेलं. आपला अपघात दर आठवड्याला दिवाणखान्यात लागतो, ही कल्पनाच मला सहन होत नाही. नंतर त्या यानाला मधोमध तिसरा उभा पंख बसवला आणि त्याचा तो स्वभाव बराच सुधारला. एक जास्तीचा पंख! तो लागणार आहे हे माणूस न बसवता आधी कळलं असतं तर?

रीड १९६०-७० च्या दशकांच्या संधीवर नेमके त्याच दिशेने गेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक मोठं, दोन इंजिनांचं, रेडिओवर चालणारं मॉडेल विमान बनवलं आणि त्याला ‘मदर’ असं नाव दिलं. आईच्या पोटाला नव्या आकाराचं मॉडेल बांधायचं, वर न्यायचं, सोडायचं. असे शंभराहून जास्त प्रयोग ‘मदर’ने केले. मॉडेल पडलं, फुटलं, तर संध्याकाळी डिंक लावायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मग त्यांनी मधली पायरी गाळून एकदम मोठी उडी घेतली. हायपर-३ हे यान ३२ फूट लांब होतं, म्हणजे खऱ्या यानाच्या आकाराचं, पण आत कुणीच नव्हतं. खर्च साडेसहा हजार डॉलर. १२ डिसेंबर १९६९ ला हेलिकॉप्टरने ते १० हजार फुटांवरून सोडलं. मिल्ट थॉम्पसन जमिनीवर एका नकली कॉकपिटमध्ये बसला होता. यान त्याला दिसत नव्हतं, समोर फक्त काटे आणि आकडे. त्याने ते काही मैल नेलं, वळवलं, परत आणलं. उतरण्याच्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याने हातातल्या रेडिओ पेटीवर ताबा घेऊन ते टेकवलं. सगळं मिळून तीन मिनिटं. आणि एक्स-१५ उडवलेला, लिफ्टिंग बॉडीची पहिली उड्डाणं केलेला हा माणूस त्या तीन मिनिटांनी खऱ्या उड्डाणानंतर होतो तितकाच पिळून निघाला होता. पडलं असतं तरी त्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. मला ही गोष्ट फार खरी वाटते. रात्री दोन वाजता दूरच्या सर्व्हरवर नवीन आवृत्ती चढवताना आमच्याही छातीत असंच धडधडतं, आणि सर्व्हर तर जमिनीवरच असतो.

यानंतरचं उदाहरण गणिताच्या सरांसाठी. एफ-१५ हे लढाऊ विमान तेव्हा नवीन होतं. ते स्टॉल होऊन गिरकीत सापडलं तर बाहेर येईल का, हे तपासणं पायलटच्या जिवावर बेतणारं. म्हणून नासाने त्याचं तीन-अष्टमांश मॉडेल केलं. साडेतेवीस फूट लांब, फायबरग्लास आणि लाकडाचं, बिनइंजिनाचं. आता सर, तीन-अष्टमांशाचा घन करा. साधारण एक-एकोणिसांश येतो. खरं विमान उडताना वीस टनांच्या आसपास, म्हणजे मॉडेल एक टनाच्या थोडं पुढे असायला हवं. प्रत्यक्षात ते सुमारे ११०० किलोचं होतं. वर सांगितलेला हिशोब तो हाच. पैशांचा हिशोबही ऐका. मॉडेल अडीच लाख डॉलरचं, खरं विमान ६८ लाखांचं.

१२ ऑक्टोबर १९७३ ला बी-५२ या अजस्र विमानाच्या पंखाखालून, १३ किलोमीटरहून जास्त उंचीवरून ते पहिल्यांदा सोडलं. जमिनीवरच्या कॉकपिटमध्ये आयनार एनेव्होल्डसन हा पायलट होता. सुरुवातीच्या उड्डाणांत ते उतरवायचंच नसे. खाली येताना पॅराशूट उघडायचं आणि एक हेलिकॉप्टर येऊन त्या पॅराशूटला हवेतल्या हवेत आकडा अडकवायचं. पतंगाच्या काटाकाटीत कटलेला पतंग गच्चीवरून काठीने पकडणाऱ्या पोरांना यातलं कौशल्य मी समजावून सांगायला नको. नंतर घसरपट्ट्या लावून ते सरोवराच्या तळावर उतरवायला लागले. मॉडेलला मुद्दाम गिरकीच्या काठावर ढकललं, पलीकडेही ढकललं, आणि त्यातून खऱ्या विमानात बसणाऱ्या पायलटांना आधीच कळलं की पुढे काय वाढून ठेवलं आहे.

यापुढच्या दोन गोष्टी मी मुद्दाम निवडल्या आहेत, कारण त्या माझ्या पेशाच्या आहेत. १९७६ मध्ये या केंद्राचं नाव ड्रायडन झालं. तिथे डास्ट नावाचा प्रकल्प होता. सैन्याचं नेमबाजीच्या सरावासाठीचं बिनमाणसाचं विमान घेऊन त्याला नवीन, हलके, लवचीक पंख लावायचे. लवचीक पंखाला एका वेगानंतर फडफड सुटते. म्हणजे सुरुवातीला थरथर, मग हवा त्या थरथरीलाच खतपाणी घालते आणि पाहता पाहता पंख तुटतो. उपाय असा होता की पंखावरच्या सेन्सरने थरथर ओळखायची आणि पंखाच्या कडेच्या छोट्या झडपा उलट दिशेने हलवून ती मारायची. १२ जून १९८० ला, तिसऱ्या उड्डाणात, उजव्या पंखाला फडफड सुटली, पंख तुटला आणि विमान वाळवंटात पडलं. चौकशीत आढळलं की थरथर मारणाऱ्या यंत्रणेचा जोर ठरवल्याच्या निम्मा बसवला गेला होता. निम्मा. दोनचा फरक. शाळेत गुणाकारात दोन विसरलं तर अर्धा गुण जातो. इथे पंख गेला. पण कुणाच्या घरी निरोप घेऊन जावं लागलं नाही, आणि रिकाम्या विमानाची खरी किंमत तीच आहे.

दुसरी गोष्ट हायमॅटची. रॉकवेल कंपनीने बनवलेली अशी दोन विमानं १९७९ ते १९८३ या काळात मिळून २६ वेळा उडाली. भविष्यातल्या लढाऊ विमानाच्या ४४ टक्के आकाराची, पुढे छोटे पंख, मागे मोठे, आणि अंगात बरंच कार्बन फायबर. ध्वनीच्या जवळच्या वेगाने वळताना ती ८ जी इतका भार सहन करायची. विमानाचं उड्डाण सांभाळणारा संगणक जमिनीवर होता, आणि तो रेडिओवरून क्षणाक्षणाला आज्ञा पाठवायचा. विमानात आणीबाणीसाठी छोटे मायक्रोप्रोसेसर होते. एकदा उतरताना त्याच्या घसरपट्ट्या बाहेरच आल्या नाहीत आणि ते पोटावर टेकलं. शोधल्यावर सापडला तो सॉफ्टवेअरमधला वेळेचा बारीकसा बदल. तो आधीच करून झालेला होता आणि सगळ्या चाचण्यांतून सुखरूप बाहेर पडला होता. रेडिओचा एक भाग नीट चालेना तेव्हाच तो उघडा पडला. आमच्याकडे नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना हीच गोष्ट सांगते. ती मुलं नम्रपणे ऐकतात आणि मग जाऊन टेस्ट लिहायच्या टाळतात.

आता शेवटचं विमान. लुडविग प्रांटल हे जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनचे, आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक. पंखाच्या लांबीवर लिफ्ट कशी वाटली तर ड्रॅग सगळ्यात कमी, याचं त्यांच्या सिद्धांतातलं उत्तर लंबवर्तुळाकार वाटणी हे होतं, आणि पाठ्यपुस्तकांत आजही तेच असतं. पण १९३३ साली त्यांनीच दुसरं उत्तर दिलं. पंखाची लांबी ठरलेली न धरता त्याच्या सांगाड्याचं वजन ठरलेलं धरा. मग लिफ्ट घंटेच्या आकाराने वाटायची, मध्ये भरपूर आणि टोकांकडे निमुळती होत जाणारी. पंख २२ टक्के लांब होतो आणि लिफ्टमुळे येणारा ड्रॅग ११ टक्के कमी. हा लेख बराच काळ धूळ खात पडला.

ड्रायडन केंद्राचं नाव २०१४ मध्ये आर्मस्ट्राँग झालं. तिथले प्रमुख शास्त्रज्ञ आल्बियन बॉवर्स यांना या घंटेत आणखी काहीतरी दिसत होतं. साधं विमान वळायला कललं की वर जाणाऱ्या पंखावर ड्रॅग वाढतो आणि नाक उलट दिशेला ओढलं जातं. ते सावरायला मागे उभी शेपटी आणि तिच्यावर सुकाणू लागतं. बॉवर्स यांचं म्हणणं असं की घंटेसारख्या वाटणीत पंखांच्या टोकांशी हवा वर उसळते, तिथली लिफ्ट किंचित पुढे झुकते, आणि नाक आपोआप योग्य बाजूला वळतं. मग उभी शेपटी कशाला? पक्ष्यांना कुठे असते?

हे सिद्ध करायला त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरलं. मुलांनी साडेबारा फूट पंखांचं, शेपटी नसलेलं ग्लायडर बनवलं. त्याचा पंख मुळापासून टोकापर्यंत काळजीपूर्वक पीळ दिलेला. रबरी दोरीने, मोठ्या गलोलीसारखं, ते सोडायचं. नाव प्रांटल-डी. ते उभ्या शेपटीशिवाय वळलं, आणि नीट वळलं. २०१५ मध्ये २५ फूट पंखांचं तिसरं ग्लायडर उडालं, त्यात मोजमापाची उपकरणं होती, आणि कललं की नाक त्याच बाजूला जातं हे आकड्यांत आलं. २०१६ मध्ये नासाने त्याचा अहवाल छापला. तो मी छापून घेतला आणि बरेच दिवस बॅगेत घेऊन हिंडले. समीकरणं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला झेपतील अशीच आहेत.

मोठ्या प्रवासी विमानांवर हे अजून आलेलं नाही. पंख लांब झाला की विमानतळावरच्या जागेत मावत नाही, आणि वेगवान विमानाची इतर गणितं वेगळी. आपल्या शाळेच्या मैदानावर दुपारी घारी फिरायच्या, अजूनही फिरत असतील. पुढच्या वेळी एखादी वळताना दिसली तर तिच्या पंखांच्या टोकाची पिसं बघा, कशी विस्कटल्यासारखी आणि पिळलेली असतात. शेपटी ती वापरते, पण ती आडवी असते. उभी नसते.